डांबरावरही चालावी, पांदणीतही चालावी!

(दोन्ही रस्त्यांची मोटारसायकल घेण्याआधी घरच्यांनी एकत्र बसून करावयाचा विचार)

मेहकरहून चिखलीच्या वाटेला लागले की हिवरा आश्रम येते. विवेकानंद आश्रमामुळे हे गाव साऱ्या बुलडाणा जिल्ह्यात परिचित आहे. जानेवारीत जन्मोत्सवाला येणारा पाहुणा डांबरी रस्त्याने येतो आणि त्याच रस्त्याने परत जातो. त्याला इथल्या रस्त्यांची अर्धीच ओळख होते. उरलेली अर्धी करून घ्यायची असेल तर जुलै महिन्यात यावे, डांबर सोडावे आणि शेताच्या पांदणीत शिरावे!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सोयाबीनच्या डवरणीचे दिवस होते. वडिलांना शेतात चक्कर आल्याचा निरोप आला आणि मी आमची जुनी शंभर सीसीची गाडी घेऊन निघालो. जाताना कसाबसा पोहोचलो. येताना मागे वडील बसलेले, त्यात पावसाची एक सर पडून गेलेली. दोन-तीनशे पावले गेलो नाही तोच पुढचे चाक फिरेनासे झाले. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये काळी माती ठासून भरली होती. तुऱ्हाटीने टोकरून काढली, दहा पावले गेलो, पुन्हा तेच. शेवटी गाडी बांधाला टेकवली आणि वडिलांना खांद्याचा आधार देत डांबरापर्यंत चालवत आणले. पुढे ते बरे झाले. पण एक गोष्ट कायमची कळली. गाडीची परीक्षा डांबरावर होत नसते, ती शेवटच्या दीड-दोन किलोमीटरमध्ये होते.

हे सारे आठवायचे कारण माझा पुतण्या. तीन वस्त्यांवरचे दूध गोळा करून डेअरीला घालणे हा त्याचा धंदा. मोबाइलवर चित्र दाखवत तो म्हणाला, "काका, गाडी घ्यायची तं हीच. डोंगर चढते, नाला ओलांडते." मी म्हटले, "घेऊ की बाबा. पण आधी वहिनीला बोलाव, कागद-पेन्सिल आण आणि मोजायची टेप आण." त्या दिवशी आम्ही जे मोजले आणि जे मांडले, ते आपल्यासारख्या घरांना उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहे.

दोन्ही रस्त्यांची गाडी म्हणजे काय?

डांबर आणि कच्चा रस्ता अशा दोन्हींसाठी मुद्दाम बनवलेली मोटारसायकल ही कल्पना जुनी आहे. १९६८ साली यामाहा कंपनीने अमेरिकेत डीटी-१ नावाची २५० सीसीची गाडी विकायला काढली आणि तेथून हा प्रकार जगभर लोकप्रिय झाला. आपल्याकडे तशी गाडी मिळत नव्हती, तरी काम अडले नव्हते. १९६२ पासून रस्त्यावर आलेली राजदूत आठवा. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून ती बांधावरूनही गेली आणि मळ्यातूनही गेली. मुद्दाम या कामासाठी म्हणून हिरो कंपनीने २०११ साली १५० सीसीची इम्पल्स आणली, पण ती फार काळ टिकली नाही. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ साली आली आणि हिरोची एक्सपल्स २०० ही २०१९ साली. ४११ सीसीच्या त्या हिमालयनची जागा पुढे ४५० सीसीच्या हिमालयनने घेतली.

या गाड्या ओळखायच्या कशा? पुढचे चाक मोठे, २१ इंची. मागचे लहान. मोठे चाक खड्ड्यात बुडत नाही, दगडावरून सहज चढते. पोट जमिनीपासून उंच. शॉकअपची हालचाल लांब, म्हणजे चाक खड्ड्यात गेले तरी कमरेला हिसका बसत नाही. सायलेन्सर वर बांधलेला. पुष्कळ गाड्यांचे पुढचे मडगार्ड चाकाला चिकटून नसते, वर चोचीसारखे असते. त्या दिवशी मला जे हवे होते ते हेच! चाक आणि मडगार्ड यांत वीतभर जागा असली की माती अडकून बसत नाही.

काळ्या मातीचा स्वभाव

मात्र चिखल चिखलात फरक असतो. मुरमाड जमिनीत पाणी पडले तरी खाली टणक असते, तेथे ठोकळ्यांचा टायर चांगला रुततो आणि पकड घेतो. आपली काळी चिकण माती पाणी पिऊन फुगते आणि गोंदासारखी चिकटते. ठोकळ्यांच्या फटी तिने भरल्या की महागडा टायरही गुळगुळीत होतो. तेव्हा कोणत्याही गाडीने धो धो पावसानंतर लगेच पांदणीत घुसण्याची हौस करू नये. उन्हाची एक तिरीप पडू द्यावी, चाकोरी सोडून गवताच्या कडेने जावे.

ठोकळ्यांच्या टायरची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. तो डांबरावर लवकर झिजतो आणि ओल्या डांबरावर साध्या टायरइतका विश्वासाने थांबत नाही. ज्याचे चालणे बरेचसे डांबरावर आहे, त्याने मधल्या प्रकारचा टायर घ्यावा. त्याचे ठोकळे उथळ आणि जवळजवळ असतात.

आपल्या बांधावर बाभळी आहेत, हे विसरून चालणार नाही. तारांच्या चाकात ट्यूब असते. तिचे पंक्चर गावातला कुणीही काढतो आणि दगडावर आपटून चाक वाकडे झाले तर तारा आवळून सरळही करता येते. ट्यूबलेस टायर काट्याने लगेच बसत नाही हा त्याचा फायदा. पण त्याचे ओतीव चाक जोरात आपटून तडकले तर नवेच घ्यावे लागते.

टेप घेऊन मोजा

शोरूममध्ये ताकदीचे आकडे सांगतात. आपण मात्र तीन आकडे विचारावेत. वजन किती? सीटची उंची किती? पोट जमिनीपासून किती उंच?

साध्या स्प्लेंडर प्लसचे वजन ११२ किलो, सीट ७८५ मिलिमीटर आणि पोट १६५ मिलिमीटर उंच. २०१९ च्या एक्सपल्सचे वजन १५४ किलो, सीट ८२३ आणि पोट २२० मिलिमीटर. ४११ सीसीची हिमालयन तर १९९ किलोची होती, म्हणजे जवळजवळ दोन क्विंटल!

आता हे आकडे पांदणीत नेऊन बघा. पोटाची उंची साडेपाच सेंटिमीटरने वाढली, म्हणजे चाकोरीतला दगड इंजिनला लागणार नाही. हा खरा लाभ. पण वजन ४२ किलोंनी वाढले. चिखलात गाडी एकदा तरी आडवी होतेच. ती उचलायला त्या वेळी दुसरे कोणी नसते. सीट उंच झाली की ठेंगण्या माणसाचे पाय टेकत नाहीत, आणि घसरत्या जागी पाय टेकणे हाच तर आपला आधार! म्हणून गाडी घेण्याआधी तिच्यावर बसून दोन्ही पायांचे चवडे तरी टेकतात का ते बघावे. शक्य तर कुणा ओळखीच्याची तशीच गाडी गवतावर आडवी करून एकट्याने उचलून बघावी. माझ्या पुतण्याने दोन्ही करून पाहिले. पाय टेकले, पण गाडी दुसऱ्या झटक्यात उचलली गेली, आणि ती रिकामी होती!

मागे कोण बसणार?

हा प्रश्न पुरुष मंडळी विसरतात. वहिनी मात्र विसरल्या नाहीत. त्यांनी विचारले, "मी मेहकरच्या दवाखान्यात याच्यावर बसून कशी जाऊ?"

प्रश्न रास्त होता. उंच गाडीवर नऊवारी-सहावारी नेसलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईने चढायचे कसे? अशा गाडीची चेन बहुधा उघडी असते. साध्या गाडीला पूर्ण चेनकव्हर असले तर चिखल आत जात नाही आणि पदरही अडकत नाही. मागच्या चाकाला साडीची जाळी, मागच्याला धरायला कडी आणि दोन्ही पायांसाठी पायठेवण्या या गोष्टी नियमानेच हव्यात. शोभा जाते म्हणून साडीची जाळी काढून टाकणारी मुले गावोगावी आहेत. पदर किंवा ओढणी चाकात जाऊन काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे ते ती कधी काढणार नाहीत.

कायद्याने दुचाकीवर चालकाच्या मागे एकच माणूस बसू शकतो आणि हेल्मेट दोघांनाही सक्तीचे आहे. गाडीच्या खर्चातच आयएसआय खुणेची दोन हेल्मेटे धरावीत. पांदणीतून हळू जातो, मग हेल्मेट कशाला, असे म्हणू नये. घसरून डोके दगडावर आपटायला वेग लागत नाही.

ब्रेकचेही दोन शब्द. १२५ सीसीवरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस ही ब्रेकची सोय सक्तीची आहे. ओल्या डांबरावर ब्रेक दाबला तरी तिच्यामुळे चाक जागीच अडकत नाही आणि गाडी घसरत नाही. सुट्या मातीत मात्र तिच्यामुळे गाडी थोडी लांब जाऊन थांबते. तेव्हा कच्च्यात वेगच कमी ठेवावा. पुढचा ब्रेक बोटभर दाबावा, मागचा अलगद दाबावा.

हप्त्याचे गणित

आता सगळ्यात महत्त्वाचे. अशा गाडीची किंमत शंभर सीसीच्या गाडीहून बरीच जास्त असते, आणि आपल्यापैकी बहुतेकजण ती हप्त्यानेच घेणार. समजा, एक लाख रुपये कर्ज काढले. देणारा सांगतो, "व्याज फक्त १० टक्के, फ्लॅट." तीन वर्षांचे व्याज ३० हजार. एकूण १ लाख ३० हजार, म्हणजे महिन्याला सुमारे ३,६११ रुपये. ऐकायला ठीक वाटते. पण आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असतो आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण लाखावरच चालू राहते! उरलेल्या रकमेवर हिशेब केला तर हाच दर सुमारे १८ टक्के पडतो. म्हणून सही करण्याआधी एकच वाक्य विचारा, "दर फ्लॅट आहे की घटत्या शिलकीवर?" उत्तर कागदावर लिहून घ्या. घरात शिकलेली मुलगी असेल तर तो कागद आधी तिला वाचू द्या.

शिवाय विमा, मोठ्या टायरची किंमत, आणि सुटा भाग मेहकरात मिळतो की बुलडाण्याला जावे लागते, हेही बघायला हवे. गाडी चार दिवस गॅरेजात उभी राहिली तर दूध कोण घालणार?

मग कोणी कोणती घ्यावी?

आम्ही कागदावर दोन खाणी केली. रोज डांबर किती आणि कच्चे किती? वर्षातले किती दिवस खरा चिखल? ओझे किती? मागे माणूस बसतो का?

ज्याचे रोजचे काम एकट्याने आडवाटेने फिरण्याचे आहे, अंगात बळ आहे, ओझे फार नाही आणि नियमित पगार आहे, त्याने दोन्ही रस्त्यांची गाडी जरूर घ्यावी. विजेच्या तारा बघत रानोमाळ हिंडणारा लाइनमन घ्या. त्याच्यासाठी ती चैन नाही, अवजार आहे. त्याची कंबर वाचेल आणि वेळही वाचेल.

ज्याला कॅन, पोती, भाजीचे क्रेट न्यायचे आहेत, त्याने साधी, हलकी, भक्कम कॅरिअरची १००-११० सीसीची गाडी घ्यावी. तिला मधल्या प्रकारचा टायर घालावा. घेताना टायर आणि मडगार्ड यांमध्ये किती बोटे जातात ते बघावे. वाट जवळची आणि ओझे बेताचे असेल तर टीव्हीएसची एक्सएल १०० सारखी नव्वद किलोंच्या आतली मोपेडही खेड्यात उत्तम काम देते. चिखलात रुतली तर उचलून बाजूला ठेवता येते!

आणि ज्याला फक्त फोटोतला डोंगर चढायचा आहे, त्याने आधी चार महिने थांबावे. हौस तेवढी टिकली तर बघावे.

आमच्या पुतण्याच्या कागदावर असे निघाले. रोज चोवीस किलोमीटर डांबर, सहा किलोमीटर कच्चे, खरा चिखल वर्षातून चाळीसेक दिवस, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन आणि महिन्यातून दोनदा मागे आई. त्याने स्वतःच बेरीज केली आणि थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, ही गाडी माझ्या कामाची नाही. पण एक दिवस घेईन."

"घे की," वहिनी म्हणाल्या, "तवा मी नाही बसणार मागे, एवढंच."

त्याने शंभर सीसीची गाडी घेतली. कर्ज निम्म्याहून कमी झाले. त्या चाळीस दिवसांसाठी तो कॅन डांबराच्या कडेला ठेवून वस्तीवरचे दूध पायी आणतो.

मेहकर तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. त्यावर दुचाकीला प्रवेश नाही. आपल्या गाडीच्या वाट्याला जुना डांबरी रस्ता आणि त्याच्या टोकाची पांदणच आहे. शेतरस्ते आणि पांदण रस्ते पक्के करण्यासाठी राज्य सरकारने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली. आपल्या पांदणीचे नाव यादीत आहे का, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा. गाडी निवडणे हा एका घराचा प्रश्न आहे. पांदण मात्र सगळ्या वस्तीची आहे, आणि ती पक्की झाली तर पुढच्या पावसाळ्यात कुणाच्या आजारी बापाला चिखलातून चालत यावे लागणार नाही.