टार्गेट हुकल्यानंतरचा साहेब

शेती निविष्ठांच्या विक्रीतले अपयश महिन्याच्या शेवटच्या तारखेला आकड्यांत दिसते. त्याची सुरुवात मात्र बहुतेक वेळा कितीतरी आधी, शेतात किंवा बाजारात झालेली असते. हे नीट समजून घ्यायचे तर निफाड तालुक्यातले पिंपळगाव बसवंत पाहावे. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या या गावात कांदा आणि टोमॅटोची मोठी बाजार समिती आहे आणि भोवताली द्राक्षबागांचा पट्टा. त्यामुळे बियाणे, विद्राव्य खते, बुरशीनाशके, संजीवके, ठिबक संच, फवारणीचे ब्लोअर अशा नाना मालाच्या कंपन्यांचे प्रतिनिधी इथल्या कृषी सेवा केंद्रांच्या काउंटरवर रोज दिसतात. त्यातली पुष्कळशी मुले कृषी पदविका किंवा बी.एस्सी. ॲग्री झालेली, शेतकऱ्याच्याच घरातली. त्यांच्या कामाचे माप दोनच गोष्टींनी होते: किती माल विकला आणि किती वसुली आणली. दोन्हींपैकी एक जरी हुकले, की पुढच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये साहेबांना तोंड द्यावे लागते.

या बाजाराचे वेळापत्रक द्राक्षाच्या दोन छाटण्यांवर चालते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी. फळछाटणीनंतर पाऊस लांबला की डावणी या बुरशीरोगाची भीती वाढते आणि बुरशीनाशकाला उठाव येतो. आकाश निरभ्र राहिले की तेच औषध दुकानात पडून राहते. म्हणजे शेतकऱ्याला जे वर्ष सोपे जाते, ते प्रतिनिधीच्या कागदावर ‘खराब’ ठरू शकते. आणि शेतकऱ्याचे वर्ष पुरते बुडाले, तर प्रतिनिधीचेही बुडते, कारण उधारीवर गेलेला माल वसूल होत नाही.

२०२३ या एका वर्षात असे धक्के पाठोपाठ बसले. जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटोला २० किलोच्या कॅरेटमागे दोन हजारांच्या घरात भाव गेला होता. सप्टेंबरपर्यंत तो शंभराच्या आसपास कोसळला. ज्या शेतकऱ्याला तोडणीची मजुरी सुटत नाही, तो पुढची फवारणी कशाला घेईल? १९ ऑगस्टला केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले. त्यानंतर व्यापाऱ्यांच्या बंदमुळे नाशिक जिल्ह्यातले कांदा लिलाव अनेक दिवस ठप्प झाले आणि गावात फिरणारा पैसाच आटला. २६ नोव्हेंबरला अवकाळी पाऊस आणि गारपिटीने निफाड परिसरातल्या बागा झोडपल्या. ८ डिसेंबरपासून कांद्याची निर्यातच बंद झाली. एवढ्या गोष्टी घडलेल्या वर्षात एखाद्या प्रतिनिधीचे टार्गेट साठ टक्क्यांवर थांबले, तर तो आकडा त्याच्या मेहनतीविषयी फारच थोडे सांगतो. तरीही पुण्या-मुंबईच्या कार्यालयात उघडणाऱ्या तक्त्यात गारपिटीचा रकाना नसतो.

कठोर साहेबाची तऱ्हा सगळ्या कंपन्यांत साधारण सारखी असते. सकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांची यादी पडते, मागे राहिलेल्यांची नावे तांबड्या रंगात. मीटिंगमध्ये एकेकाला उभे करून आकडा विचारला जातो, कारण सांगायला लागला की “कारणं नकोत, आकडा सांग.” रात्री दहाला फोन येतो, सुट्टीच्या दिवशी लाइव्ह लोकेशन मागितले जाते आणि शेवटी “जमत नसेल तर राजीनामा टाक” हे वाक्य ठरलेलेच. हा साहेब बहुधा स्वतः कधी काळी मोटारसायकलवर गावे फिरलेला असतो. त्याच्यावर झोनल मॅनेजर असतो, त्याच्याही वर कोणी. वरून आलेला दाब प्रत्येक पायरीवर थोडा वाढवून खाली दिला जातो आणि सगळ्यात शेवटी तो ज्याच्या हाताखाली कोणी नाही त्याच्यावर येऊन पडतो.

ओरडल्याने काम होते, असे या साहेबांना मनापासून वाटते. या समजुतीचे मूळ मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी फार नेमके दाखवले. इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांचा अनुभव असा होता, की चांगल्या उड्डाणाबद्दल शाबासकी दिली की पुढचे उड्डाण खालावते आणि वाईट उड्डाणावर खरडपट्टी काढली की पुढचे सुधारते. कानेमन यांच्या लक्षात आले, की यात शाबासकी आणि खरडपट्टी या दोहोंचा फारसा संबंधच नाही. अतिशय वाईट खेपेनंतरची खेप बहुतेक वेळा सरासरीकडे सरकतेच, कोणी ओरडो वा न ओरडो. पिंपळगावच्या बाजाराला हे तंतोतंत लागू पडते. गारपिटीच्या महिन्यात विक्री तळाला जाते, साहेब झाडतो, पुढच्या महिन्यात हवामान सावरते आणि विक्री थोडी वर येते. साहेबाला वाटते, आपल्या आवाजाने काम केले. असा सरासरीकडे परतणारा प्रत्येक महिना त्याची सवय आणखी पक्की करत जातो.

दाबामुळे आकडा खरोखर वाढतो, तेव्हा तो कसा वाढतो हेही पाहिले पाहिजे. कंपनीकडून दुकानात गेलेला माल ही प्रायमरी विक्री. दुकानातून शेतकऱ्याच्या शेतात गेलेला माल ही सेकंडरी. टार्गेट मोजले जाते ते बहुधा प्रायमरीवर. मग महिनाअखेरीला प्रतिनिधी ओळखीच्या दुकानदाराला गळ घालतो, “शेठ, एवढं बिल टाकू द्या, पुढच्या महिन्यात रिटर्न घेतो.” दुकानदार संबंधाखातर हो म्हणतो. कागदावर टार्गेट पुरे होते, माल गोदामात जातो. कीटकनाशकाला मुदत असते. हंगाम टळला की ते औषध पुढच्या हंगामापर्यंत अर्धे आयुष्य संपवून बसते. परतीचा माल पुढच्या आकड्यातून वजा होतो, दुकानदाराची थकबाकी फुगते, कंपनी त्याचे बिलिंग अडवते आणि तोच प्रतिनिधी आधीपेक्षा मोठ्या खड्ड्यात सापडतो. मोठ्या प्रमाणावर याचे काय होते ते अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने दाखवले आहे. खाती विकण्याच्या अघोरी दबावाखाली कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या संमतीविना लाखो खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला आणि सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. शेतीच्या बाजारात अशा दबावाची झळ बागायतदारालाही लागू शकते. गरज नसलेली किंवा काढणीच्या तोंडावरची फवारणी म्हणजे द्राक्षात औषधाचा अंश राहण्याचा धोका. २०१० मध्ये युरोपात क्लोरमेक्वाट या संजीवकाच्या अंशावरून भारतीय द्राक्षे अडकली, तेव्हा एका रसायनामुळे अख्खा निर्यात हंगाम कसा धोक्यात येतो, हे नाशिकच्या बागायतदारांनी अनुभवले.

अशा साहेबाशी वागताना प्रतिनिधीच्या हाती असलेले सगळ्यात मोठे साधन म्हणजे स्वतःच्या अपयशाचा हिशेब. तो मीटिंगच्या आधी, शांतपणे, कागदावर मांडावा लागतो. समजा, १२ लाखांचे टार्गेट होते आणि ७ लाखांची विक्री झाली. उरलेल्या ५ लाखांतले २ लाख टोमॅटोचे प्लॉट सोडून दिल्यामुळे गेले. दीड लाख गेले कारण दोन दुकानांची थकबाकी नव्वद दिवसांपुढे गेली आणि कंपनीनेच त्यांचे बिलिंग बंद केले. १ लाख दुसऱ्या कंपनीच्या स्कीमने खाल्ले. आणि ५० हजार गेले कारण पालखेड, रानवडकडच्या दुकानांत प्रतिनिधी तीन आठवडे फिरकलाच नाही. शेवटचा आकडा कबूल करणे जड जाते. पण तोच बाकीच्या तीन आकड्यांना वजन देतो. सगळा दोष हवामानावर ढकलणाऱ्याचे साहेब ऐकत नाही, आणि सगळा दोष स्वतःवर घेणारा आतून खचतो.

खचण्याचा हा मुद्दा हलका नाही. मार्टिन सेलिगमन आणि पीटर शुलमन यांनी १९८६ मध्ये आयुर्विमा विकणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अपयशाचे कारण तात्पुरते आणि मर्यादित मानणाऱ्या विक्रेत्यांनी पहिल्या दोन वर्षांत, ‘आपण आहोतच असे’ मानणाऱ्यांपेक्षा ३७ टक्के अधिक विमा विकला आणि नोकरीही कमी जणांनी सोडली. “हा महिना गेला” आणि “मला विकताच येत नाही” या दोन वाक्यांत एवढे अंतर आहे. कठोर साहेब नेमके दुसरे वाक्य माणसाच्या मनात रुजवतो, म्हणून लिखित हिशेबाची गरज साहेबापेक्षाही प्रतिनिधीला स्वतःला जास्त असते.

हा हिशेब भर मीटिंगमध्ये काढण्यात अर्थ नाही. चारचौघांत दिलेले उत्तर कितीही खरे असले, तरी साहेबाला ते उलट उत्तर वाटते. आदल्या दिवशी फोन करून किंवा मीटिंगनंतर एकट्याला गाठून, “साहेब, आकडा तुम्ही म्हणता तोच आहे. पाचातले पन्नास हजार माझ्या चुकीचे, ते या महिन्यात भरून काढतो. थकबाकीवाल्या दोन दुकानांसाठी मात्र तुम्ही स्वतः यायला हवं,” असे बोलले, की चर्चा माणसावरून कामावर येते. सगळेच साहेब याने बदलत नाहीत. पण बरेचसे साहेब ठोस मागणीपुढे नरमतात, कारण त्यांनाही वर काहीतरी सांगायचे असते. बोलणे झाल्यावर ठरलेल्या गोष्टी दोन ओळींच्या मेलमध्ये लिहून पाठवणे ही सवय फार उपयोगी आहे. पुढे वाद झाला, तर स्मरणापेक्षा तारीख असलेला मजकूर कामी येतो.

कडक साहेब आणि छळणारा साहेब यांत फरक केला पाहिजे. बेनेट टेपर या अभ्यासकाने २००० मध्ये छळवादी पर्यवेक्षणाची व्याख्या केली. तिचा गाभा असा, की शारीरिक संपर्क सोडून केलेले वैरभावाचे बोलणे-वागणे सतत चालू राहते. रोज रिपोर्ट मागणे, थकबाकीचा जाब विचारणे, दौऱ्याची खातरजमा करणे यात कडकपणा आहे, आणि तो चालेल. आई-बापावरून शिवी, जातीवरून टोमणा, सगळ्यांसमोर नक्कल, आजारपणातली रजा नाकारणे ही दुसरी जात आहे आणि तिच्याशी जुळवून घेण्याचा सल्ला कोणी देऊ नये. जून २०२३ मध्ये कोलकात्यातल्या एका खासगी बँकेच्या अधिकाऱ्याचा, हाताखालच्यांना विक्रीवरून ऑनलाइन मीटिंगमध्ये झापतानाचा व्हिडिओ देशभर फिरला आणि बँकेला त्याला निलंबित करावे लागले. नोंद असली की वरिष्ठांना दखल घ्यावी लागते.

एका गोष्टीत मात्र ठाम नकार हवा. दाबाखाली काही प्रतिनिधी स्वतःच्या खिशातून, घरच्या कांद्याच्या पट्टीतून किंवा क्रेडिट कार्डावरून दुकानदाराचे पैसे भरतात आणि वसुली दाखवतात. काही जण शेतकऱ्याने दिलेली रोख एका दुकानाच्या खात्यातून दुसऱ्यात फिरवतात. पहिल्यात घर बुडते, दुसऱ्यात फसवणुकीचा गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि दोन्ही वेळा साहेब म्हणतो की आपल्याला काही माहीत नव्हते.

कायद्याने विक्री प्रतिनिधीची बाजू बराच काळ लंगडीच ठेवली. विक्री संवर्धन कर्मचारी कायदा १९७६ चा. तो आधी औषधउद्योगापुरता होता. सँडोझ कंपनीच्या खटल्यात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने म्हटले, की औद्योगिक विवाद कायद्यातल्या कामगाराच्या मूळ व्याख्येत विक्री संवर्धनाचे काम बसत नाही. २०११ मध्ये १९७६ च्या कायद्याच्या कक्षेत साबण, बिस्किटे, शीतपेये, मोटारी, रंग असे दहा उद्योग आले; खते आणि कीटकनाशके त्यांत नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी चित्र बदलले. औद्योगिक संबंध संहितेतल्या कामगाराच्या व्याख्येत विक्री संवर्धन कर्मचाऱ्याचा थेट उल्लेख आहे. व्यवस्थापकीय काम करणारे त्यातून वगळले आहेत. पण न्यायालये हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम पाहत आली आहेत आणि ज्याच्या हाताखाली एकही माणूस नाही असा ‘टेरिटरी मॅनेजर’ नावापुरताच मॅनेजर असतो. पगारातून कापता येणाऱ्या रकमांची यादी कायद्यात ठरलेली आहे. टार्गेट हुकले हे कारण त्या यादीत नाही. इन्सेन्टिव्ह न मिळणे वेगळे, पगार कापणे वेगळे.

झोप उडाली, जेवण जाईना, गाडी चालवताना नको ते विचार यायला लागले, तर तो आजार समजून वागावे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आणि चोवीस तास चालू असतो. घरी सांगणेही तितकेच महत्त्वाचे. मुलगा ‘कंपनीत लागला’ याचे कौतुक असलेल्या घरात हे सांगायला धीर लागतो.

नोकरी सोडायची वेळ आली, तर पिंपळगावसारख्या बाजारात प्रतिनिधीची खरी पुंजी कंपनीच्या कार्डावर नसते. ती दुकानदार आणि बागायतदारांच्या विश्वासात असते. दुसरी कंपनी त्याला त्या ओळखीसाठीच घेते. म्हणून रागाच्या भरात ग्रुपवर राजीनामा टाकून मोकळे होण्यापेक्षा हंगामाच्या मधल्या रिकाम्या काळात, नोटीस देऊन, हिशेब मिटवून जाणे फायद्याचे. प्रत्येक दुकानदाराकडून सही-शिक्क्याचे बाकी खात्री पत्र घ्यावे, डेमोचा माल आणि पावतीपुस्तके पोच घेऊन परत करावीत, सही केलेले कोरे चेक किंवा मूळ प्रमाणपत्रे कंपनीकडे असतील तर ती लेखी मागावीत. वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतरचे देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवे, आणि गेलेल्या माणसाच्या नावावर नंतर जुनी थकबाकी टाकली गेली तर उत्तराला ती खात्री पत्रेच पुरतात.