‘स्वतंत्र’ सिनेमा, ठीक आहे. पण कोणापासून स्वतंत्र?

सिनेमावर पीएचडी करायची म्हणून जे विद्यार्थी मला मेल करतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा विषय एकच असतो : मराठी इंडिपेंडंट सिनेमा. विषय चांगला आहे. मीही तोच घेतला होता, आणि त्यावर पहिल्याच फेरीत सपाटून आपटले होते. म्हणून हा लेख.

झालं असं. संशोधन मान्यता समितीसमोर मी माझा सिनॉप्सिस मांडला. वीस सिनेमांची यादी होती, वर ‘स्वतंत्र चित्रपट’ असं ठळक शीर्षक. समितीतल्या एका मॅडमनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि शांतपणे विचारलं, "स्वतंत्र, ठीक आहे. पण कोणापासून?" मी म्हणाले, "व्यावसायिक सिनेमापासून." त्यांनी पुढे विचारलं, "म्हणजे यातले सिनेमे तिकिटं न लावता दाखवले का?" सगळे हसले. सिनॉप्सिस परत आला आणि माझे सहा महिने गेले.

घरी येऊन यादी पुन्हा पाहिली तेव्हा लक्षात आलं की ती यादी म्हणजे निव्वळ माझी आवड होती. लांबच लांब शॉट, गाणी नाहीत, परदेशी महोत्सवात गेलेला, शेवट अधांतरी : असं काही दिसलं की मी त्याला ‘स्वतंत्र’ म्हणत होते. ही झाली शैली. शैलीवर संशोधन जरूर करा, पण मग तसं स्पष्ट म्हणा. ‘स्वतंत्र’ हा शब्द शैलीबद्दल काहीच सांगत नाही. तो सांगतो एका नात्याबद्दल : सिनेमा करणारा माणूस आणि ज्याच्याकडे पैसा, थिएटर किंवा परवानगी आहे तो. नातं म्हटलं की दुसरी बाजू कोणाची, हे लिहावंच लागतं.

शब्द कुठून आला

अमेरिकेत या शब्दाला समोरची बाजू आयतीच मिळाली. तिथे मोठे स्टुडिओ सिनेमा बनवायचे, वितरित करायचे आणि त्यांच्याच मालकीच्या थिएटरांत दाखवायचेही. १९४८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ही साखळी मोडायला सुरुवात झाली. तरी ‘स्टुडिओवाले’ आणि ‘स्टुडिओबाहेरचे’ ही विभागणी टिकली. जॉन कॅसाव्हेटिसने ‘शॅडोज’ (१९५९) करताना रात्रीच्या एका रेडिओ कार्यक्रमात जाऊन श्रोत्यांना पैसे पाठवायचं आवाहन केलं आणि लोकांनी खरोखर पाठवले. तो स्वतंत्र होता म्हणजे कोणापासून, हे तिथे वेगळं सांगावं लागत नाही.

आता हाच शब्द उचलून आपल्याकडे आणा. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली, १९३३ मध्ये पुण्याला आली आणि १९५३ मध्ये बंद पडली. पगारी नट, पगारी दिग्दर्शक, स्वतःचा स्टुडिओ ही पद्धत आपल्याकडे तेव्हाच मोडकळीला आली होती. त्यानंतर एकेका सिनेमापुरता पैसा उभा करणारे निर्माते आले. म्हणजे अमेरिकी व्याख्या जशीच्या तशी लावली, तर पन्नाशीच्या दशकातला जवळजवळ सगळा हिंदी-मराठी सिनेमा ‘इंडिपेंडंट’ ठरतो. १९४२ मध्ये प्रभात सोडून राजकमल कलामंदिर काढणारे व्ही. शांतारामही त्यात येतील. व्हायव्हामध्ये हे बोलून बघा, काय होतं ते.

गंमत म्हणजे १९५१ च्या स. का. पाटील समितीच्या अहवालातली तक्रार अगदी उलट आहे. स्टुडिओ फार बलाढ्य झालेत अशी तिची तक्रार नव्हती. एकेकट्या निर्मात्यांची गर्दी झाली आहे आणि ते भरमसाट व्याजाच्या पैशावर सिनेमे काढतात, ही तिची चिंता होती. त्या शिफारशींतून पुढे १९६० मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन आलं. ‘भुवन शोम’ (१९६९) आणि मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’ (१९७०) याच सरकारी कर्जावर झाले. १९८० मध्ये कॉर्पोरेशन एनएफडीसीत विलीन झालं. म्हणजे आपण ज्याला समांतर किंवा स्वतंत्र सिनेमा म्हणतो, त्याचा मोठा हिस्सा सावकार आणि वितरकापासून स्वतंत्र होता, पण सरकारचा कर्जदार होता. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि तुमच्या प्रबंधात दोन्ही यायला हवं.

१९७६ मधले दोन सिनेमे

मला या प्रश्नाची सगळ्यात चांगली शिकवणी दोन सिनेमांनी दिली. दोन्ही १९७६ चे, आणि दोन्हींची पटकथा विजय तेंडुलकरांची.

पहिला ‘मंथन’. गुजरातच्या सहकारी दूध संघांच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, त्यातून दहा लाख उभे राहिले, आणि श्याम बेनेगल यांनी सिनेमा केला. हे शेतकरी सिनेमा सादर करत आहेत असं सुरुवातीच्या टायटल्समध्येच येतं. आपल्याला हे ऐकून भरून येतं, आणि यावंही. पण संशोधक म्हणून एक पाऊल पुढे जा. हा सिनेमा मुंबईच्या फायनान्सरपासून पूर्ण स्वतंत्र आहे. ज्या चळवळीची गोष्ट तो सांगतो, तिच्यापासून तो स्वतंत्र आहे का? कथेच्या श्रेयात बेनेगल यांच्याबरोबर स्वतः वर्गीस कुरियन यांचं नाव आहे. याचा अर्थ सिनेमा प्रचारकी ठरला असं मी म्हणत नाही. पडद्यावर गावातली जात आणि सत्ता पुरेशी बोचरी आहे. पण पैसा देणारा आणि गोष्टीचा विषय एकच असेल तर कुठे काय बोललं गेलं आणि कुठे काय राहिलं, हा प्रश्न विचारायलाच हवा.

दुसरा ‘घाशीराम कोतवाल’. नाटक सगळ्यांना माहीत असतं, सिनेमा फारसा कुणाला नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या मुलांनी ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढली आणि बँकेच्या कर्जावर हा मराठी सिनेमा केला. दिग्दर्शक म्हणून चार नावं आहेत : के. हरिहरन, मणी कौल, सईद अख्तर मिर्झा, कमल स्वरूप. कॅमेऱ्यालाही चौघं. ओम पुरी यांच्या अगदी सुरुवातीच्या सिनेमांपैकी हा एक. नाना फडणवीस अर्थात मोहन आगाशे. माझ्या गाईडनी मला पहिल्यांदा हा सिनेमा बघायला सांगितला तेव्हा मी दिग्दर्शकाच्या रकान्यात फक्त ‘मणी कौल’ लिहून मोकळी झाले होते, कारण तेच नाव मला ठाऊक होतं. हीच ती चूक. चार जणांनी मुद्दाम सामूहिक केलेलं काम आपण सवयीने एका ‘प्रतिभावंता’च्या खात्यावर टाकतो, आणि मग ‘स्वतंत्र दिग्दर्शक’ नावाची जात तयार होते.

या दोन सिनेमांचं पुढे काय झालं तेही बघा. ‘घाशीराम’ची एक प्रिंट बर्लिनच्या आर्सेनाल या संस्थेकडे राहिली, आणि कित्येक वर्षांनी तिथेच तिचं डिजिटल रूप तयार झालं. ‘मंथन’चं पुनरुज्जीवन फिल्म हेरिटेज फाउंडेशनने केलं आणि २०२४ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. ‘मंथन’मागचा दूध महासंघ आजही उभा आहे आणि तो या कामात पाठीशी होता. तरुणांच्या सहकारी संस्थेचा सिनेमा मात्र परदेशी संग्रहालयाच्या फडताळात टिकला. मालकी कोणाची हा प्रश्न सिनेमा बनतानाच संपत नाही. चाळीस वर्षांनी तो बघायला मिळेल की नाही, हेही त्यावर ठरतं.

अलीकडचं उदाहरण ‘कोर्ट’ (२०१४). चैतन्य ताम्हाणे यांच्या या सिनेमात बचाव पक्षाचा वकील झालेले विवेक गोम्बर हेच त्याचे निर्माते. पटकथा लिहिली जात असताना ताम्हाणे यांना दरमहा ठरावीक पैसे देण्याची सोय त्यांनी केली. पुढे रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्यूबर्ट बाल्स फंडाची मदत मिळाली. व्हेनिसमध्ये ओरिझोंटी विभागाचा पुरस्कार, मग सुवर्णकमळ, मग ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका. लोक पुरस्कार मोजतात. मला त्यातला ‘दरमहा’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. लिहिणाऱ्याला घरभाड्याची चिंता नसलेले काही महिने कोणी दिले, हे शोधलंत तर सिनेमा कसा झाला ते निम्मं कळतं.

आणि स्वातंत्र्य माणसाला कायमचं चिकटत नाही. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ (२०१६) एकाच माणसाचे, पण ‘सैराट’मागे झी समूह उभा होता. म्हणून ‘मंजुळे स्वतंत्र दिग्दर्शक आहेत का’ हा प्रश्नच चुकीचा आहे. कुठला सिनेमा, कुठला टप्पा, कोणता करार, असं विचारा.

मग शोधायचं कसं

सेन्सॉर सर्टिफिकेट पॉज करून वाचा. आपण त्या दहा सेकंदांत मोबाइल बघतो, पण त्यावर अर्जदार आणि निर्माता यांची नावं असतात, आणि ती पोस्टरवरच्या बॅनरपेक्षा वेगळी निघाली तर समजा धागा हाती लागला. (ओटीटीवर बऱ्याचदा हे पान नसतंच, त्यामुळे थिएटरची आवृत्ती मिळवायचा प्रयत्न करा.) निर्मितीसंस्था प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर संचालकांची नावं आणि नोंदवलेली तारण-कर्जं दिसतात. प्राथमिक माहिती फुकट, कागद उघडायचे तर थोडी फी भरावी लागते. पण खूपसे मराठी निर्माते प्रोप्रायटर म्हणून काम करतात, तिथे हे पोर्टल मुकं होतं. मग कोल्हापूरचं चित्रपट महामंडळ, आणि जुन्या सिनेमांसाठी पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. तिथल्या ग्रंथालयात जुन्या पुस्तिका आणि सेन्सॉरच्या नोंदी चाळताना एक दिवस कसा जातो कळत नाही. जाताना डबा न्या.

तरीही कागद एका मर्यादेपर्यंतच बोलतात. ‘कमी बजेट’ म्हणजे नेमकं काय कमी, हे कुठल्याच सर्टिफिकेटवर नसतं.

ते मला एका वहीत सापडलं. कोल्हापूरकडचे एक काका, आयुष्यभर प्रॉडक्शन मॅनेजर. अकरा सिनेमांवर काम केलेलं. त्यांनी शाळेच्या लांबट वहीत रोजचा खर्च लिहून ठेवला होता : गाडी, डिझेल, जेवणाची ताटं, जनरेटर. पैसे द्यायचे राहिले की नावापुढे फक्त ‘बा.’, म्हणजे बाकी. एका सिनेमाच्या शेवटच्या आठवड्यात पानभर ‘बा.’ होते. त्या सिनेमाला पुढे पुरस्कार मिळाले. बाकी काही पूर्ण फिटली नाही. म्हणजे त्या सिनेमाचं स्वातंत्र्य काही अंशी लाइटवाल्यांच्या आणि जेवणवाल्यांच्या उधारीवर उभं होतं. निर्माता लबाड होता असंही नाही. त्यानेही घर गहाण टाकलं होतं.

मी नेहमीसारखं संमतीपत्र पुढे केलं : तुमचं नाव गुप्त राहील. काकांनी चष्मा काढला. "गुप्त कशाला? टायटलात कधी धड आलं न्हाई. आता तुमच्या पुस्तकात तरी नाव घालणार न्हवं?"

आपल्याला शिकवलेलं असतं की माहिती देणाऱ्याचं नाव लपवणं म्हणजे त्याचं रक्षण. इथे समोरचा माणूस नेमकं तेच मागत होता जे आयुष्यभर त्याच्यापासून लपलं होतं. पण नाव घालून वहीतली बाकी छापली असती, तर सिनेमा ओळखू आला असता, निर्माता ओळखू आला असता, आणि काकांना उद्या कोणी कामाला बोलावलं नसतं. गाईडशी बोलून मी नीतिमत्ता समितीकडे दुरुस्त संमतीपत्र घेऊन गेले. शेवटी असं ठरलं : पैशांच्या प्रकरणात सिनेमाचं नाव नाही, माणसाचंही नाही, फक्त क्रमांक. आणि परिशिष्टात अकराही सिनेमांची दुरुस्त श्रेयनामावली, त्यात काकांचं पूर्ण नाव आणि हुद्दा. नाव अकरा ठिकाणी असल्यामुळे त्यावरून वहीतला सिनेमा ओळखता येत नाही. तुमच्याकडे एकच सिनेमा असेल तर ही युक्ती चालणार नाही, हे ध्यानात ठेवा.

परिशिष्टाचा कच्चा खर्डा मी त्यांना वाचायला नेऊन दिला. त्यांनी तो दोन दिवस ठेवून घेतला, स्वतःचं आडनाव एका ठिकाणी पेनाने दुरुस्त केलं आणि खाली चार नावं वाढवली : एक लाइटचा, एक मेकअपचा, दोघं जेवणवाले. आडनावं दोघांचीच आठवत होती. त्या चौघांपैकी एकाला मी गाठलंय, बाकीच्या तिघांचा शोध चालू आहे.