तेलाचा खर्च, लक्ष्मीला चोप आणि कोरं पत्र!

2024 साली अहमदनगरचं अहिल्यानगर झालं आणि जिल्हाभर नव्या पाट्या लिहायचं काम निघालं. लिहून ठेवायची खोड मात्र या जिल्ह्याला चार हजार वर्षांपासूनची. खापर, तांबं, दगड, तोफ, जे हाताशी आलं त्यावर इथल्या लोकांनी अक्षरं उमटवली. आणि लिहिलं काय म्हणाल, तर खर्च, बढाया, शाप आणि आपापली नावं!

खांबावर तेलाचं बोला

नेवाशाचा पैस खांब. याला टेकून ज्ञानेश्वरांनी 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली, म्हणून वारकरी इथे माथा टेकतात. खांबावर लेखही कोरलेला आहे. त्यात गीता असेल, अध्यात्म असेल, असं वाटतं ना? छे! संस्कृतातला हा लेख करवीरेश्वराला नमस्कार करतो आणि लगेच व्यवहारावर येतो: देवापुढच्या अखंड दिव्याला तेल लागतं, त्यासाठीचं दान चालू राहू द्या. मराठीतला थोर ग्रंथ जिथे जन्मला, तिथल्या खांबाला काळजी दिवाबत्तीची.

लक्ष्मीलाही सोडलं नाही

संगमनेरचा ताम्रपट शके 922 चा, म्हणजे इ.स. 1000 चा. देणारा राजा यादव घराण्यातला दुसरा भिल्लम. माळव्याच्या मुंज राजाविरुद्धच्या युद्धात तो चालुक्य तैलपाच्या बाजूने लढला. ताम्रपट रचणाऱ्या कवीने धन्याचा पराक्रम सांगताना हातच राखला नाही. मुंजाची बाजू घेतली म्हणून भिल्लमाने रणांगणात साक्षात लक्ष्मीला चोप दिला आणि तिला तैलपाच्या राजवाड्यात आज्ञाधारक गृहिणी करून बसवलं, असं त्यात लिहिलंय. आजचे फ्लेक्स छापणारे यापुढे फिकेच.

जमीन ढापाल तर किडा व्हाल

ताम्रपट म्हणजे तेव्हाचा सातबाराच. पत्र्याला भोक पाडून त्यात कडी ओवायची, कडीवर राजमुद्रा ठोकायची, म्हणजे मधला पत्रा बदलून लबाडी करायला वाव नाही. अक्षरं घासली जाऊ नयेत म्हणून पत्र्याच्या कडा उचललेल्या आणि बाहेरची बाजू बहुधा कोरी. एवढं करूनही धास्ती असायचीच. म्हणून अशा दानपत्रांत शेवटी एक ठरलेला श्लोक हमखास येतो: दिलेली जमीन जो बळकावेल, तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल. मुदत मोजून दिलीय, हे विशेष.

कोऱ्या पत्रवाल्याची अक्षरं

योगी चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना पत्र धाडलं, पण मायना काय लिहावा हे न सुचल्याने कागद कोराच पाठवला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. चौदाशे वर्षं तप करून हा कोराच राहिला, असा टोला मुक्ताबाईंनी मारल्याचंही ऐकतो. याच चांगदेवांनी अकोले तालुक्यातल्या हरिश्चंद्रगडावर शके 1234 मध्ये, म्हणजे 1312 साली, ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ पुरा केला. गडावरच्या मंदिराच्या आवारात त्यांच्या नावाचे शिलालेखही आहेत. एका पत्राची भरपाई दामदुप्पट झाली म्हणायची!

वाचून दाखवा, कोटीच्या घरात बक्षीस

प्रवरेकाठचं दायमाबाद लोकांना माहीत आहे ते 1974 मध्ये सापडलेल्या ब्राँझच्या रथ, हत्ती, गेंडा आणि रेड्यामुळे. चारांचं मिळून वजन साठ किलोंच्या वर! पण 1975 ते 1979 या काळात एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात बटणासारख्या मातीच्या मुद्रा आणि खापरं मिळाली. त्यांवर सिंधू लिपीची चिन्हं आहेत. हडप्पा कुठे, श्रीरामपूर तालुका कुठे! या लिपीत चिन्हं सुमारे चारशे आणि एका लेखात सरासरी जेमतेम पाच. त्यामुळे ती आजवर कुणालाच खात्रीने वाचता आलेली नाही. जानेवारी 2025 मध्ये तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी ती उलगडणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं.

तोफ नगरची, सही औरंगजेबाची

विजापूरच्या बुरुजावरची ‘मलिक-ए-मैदान’ तोफ मूळची आपली. बुऱ्हाण निजामशहाच्या काळात, 1549 साली, ती अहमदनगरला ओतली. ओतणाऱ्या रूमी उस्तादाने आपलं नावही तिच्यावर घातलं. पुढे ती परांड्याला गेली, तिथून विजापूरला. 1686 साली विजापूर पडलं, तेव्हा औरंगजेबाने त्याच तोफेवर आपल्या विजयाचा लेख जोडून घेतला. आयत्या बिळावर नागोबा!

वीरगळ वाचा खालून वर

गावोगावच्या देवळांबाहेर उभे असतात ते वीरगळ. बहुतेकांवर एकही अक्षर नसतं, तरी ते वाचता येतात. फक्त सुरुवात तळापासून करायची. खाली लढाई आणि पडलेला वीर, मग त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरती शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. कीर्ती राहील ती आकाशात हे दोघे असेपर्यंत.

शिलालेख दिसला तर?

खडू, हळद, चुना, तेल काहीही चोळू नका. ऑइलपेंटचा डबा तर लांबच ठेवा. संध्याकाळी जा आणि बॅटरी अगदी बाजूने, दगडाला लागून धरा. तिरप्या उजेडात खोबणीत सावली पडते आणि पुसट अक्षरं वर येतात. फोटो काढा, शेजारी मापासाठी पट्टी ठेवा, आणि जाणकाराला दाखवा. ठसा घ्यायचा तर जाणकारच घेतो: ओला कागद ब्रशने ठोकून अक्षरांत बसवायचा, अर्धवट वाळला की वरून शाईचा बोळा फिरवायचा. कागद काळा, अक्षरं पांढरी.

आणि वाचून झाल्यावर त्यात नुसता तेलाचा खर्च निघाला, तरी हिरमुसू नका. नेवाशाला तरी दुसरं काय निघालं?