नक्कल की टवाळी?

स्नेहसंमेलनात एखादं मूल मोठ्या गायकाची नक्कल करतं आणि सगळे हसतात. पण ती नक्कल असते की टवाळी? हा फरक मुलांना सांगायलाच हवा.

शिवपुत्र कोमकली हा लहानगा मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब तसंच गायचा. तेच आपले कुमार गंधर्व. पुढे देवधर मास्तरांकडे शिकून त्यांनी स्वतःची गायकी घडवली. म्हणजे चांगल्या नकलेलाही कान लागतो.

याउलट २०१६ साली एका विनोदवीराने लता मंगेशकरांवर चित्रफीत केली. लतादीदी तेव्हा ८६ वर्षांच्या होत्या. चेष्टा झाली ती वयाची, दिसण्याची. गाणं बाजूलाच राहिलं. लोक दुखावले, पोलिसांत तक्रारी गेल्या. तक्रारीने विनोद सुधारतो असं मला वाटत नाही. पण थोरांवर हसूच नये, असंही नाही. गातानाचे हातवारे, लांबलेली तान यांवर खुशाल हसावं.

माझ्या वर्गात एकच नियम आहे: माणूस जे करतो त्यावर हसा, वय, रंग, तोतरेपणा यांवर नको. कारण आज लतादीदींच्या सुरकुत्यांवर हसणारं मूल उद्या शेजारच्या बाकावरच्या तोतऱ्या मित्राला हसतं. तुम्हीही घरी मुलांशी एकदा बोलून बघा.