गारा, बर्फ आणि बारीक अक्षर

आमच्या गावात बर्फ पडत नाही. पडतात त्या गारा. तेव्हा बर्फावरून घसरण्याच्या खेळासाठी विमा कसा निवडावा हे मी सांगू लागलो, तर वाचकांना हसू येईल. पण कॉलेज सुटल्यावर मी सहली काढणाऱ्या एका कंपनीच्या कचेरीत संध्याकाळी काम करतो. गेल्या दिवाळीनंतर तेथे एक डॉक्टर सहकुटुंब आले. नाताळात त्यांना स्वित्झर्लंडमधील झरमॅटला जायचे होते आणि त्यांचा मुलगा तेथे आठवडाभर स्कीइंग करणार होता. आमच्या मालकांनी तीन विमा योजनांचे कागद माझ्यापुढे टाकले आणि म्हणाले, "तू बी.ए.ला आहेस ना? वाचून सांग, यातली कोणती घ्यायची."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि माझे इंग्रजी बेताचे. शब्दकोश जवळ घेऊन ते कागद वाचायला मला तीन संध्याकाळी लागल्या. ज्याला भराभर वाचता येते तो कदाचित पहिले पान वाचून सही करत असावा.

पहिल्या पानावर सगळे छानच असते. शेंगेन गटातील देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण लागते. स्वित्झर्लंड २००८ पासून या गटात आहे. व्हिसासाठी म्हणून पुष्कळ लोक सर्वांत स्वस्त योजना घेतात, व्हिसा मिळतो आणि विम्याचे काम झाले असे त्यांना वाटते. पण मी वाचलेल्या तीनपैकी दोन योजनांत कशाचे पैसे मिळणार नाहीत त्या यादीत साहसी खेळ होते, आणि त्या खेळांत स्कीइंग होते. म्हणजे हॉटेलच्या जिन्यावरून पडून पाय मोडला तर भरपाई. बर्फाच्या उतारावर मोडला तर काही नाही. तिसऱ्या योजनेत जादा हप्ता भरून हिवाळी खेळ जोडून घेता येत होते.

जोडून घेतले तरी काम संपत नाही. रुग्णालयाचा खर्च वेगळा आणि डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च वेगळा. स्वित्झर्लंडमध्ये 'रेगा' ही संस्था १९५२ पासून हवाई मदतीचे काम करते, जखमींना हेलिकॉप्टरने उतरवते. पण ही सेवा फुकट नसते. म्हणून 'शोध आणि सुटका' हे शब्द कागदावर आहेत की नाहीत, आणि असल्यास किती रकमेपर्यंत, हे पाहावे.

दुसरी गोष्ट सीमारेषेची. स्कीइंगसाठी बर्फ दाबून, खुणा लावून आखलेल्या वाटा असतात. त्यांबाहेरचा अपघात बऱ्याच योजना धरत नाहीत, किंवा सोबत वाटाड्या असेल तरच धरतात. मोटार शर्यतींचा जगज्जेता मायकेल शूमाकर २९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रान्समधील मेरिबेलला पडला तो अशा वाटेपासून काही मीटरच बाहेर. हेल्मेट असूनही डोके खडकावर आपटले. आपल्यापैकी कोणी गुलमर्गला गेले तर हे अधिकच ध्यानात ठेवावे, कारण अफरवटचे उतार प्रसिद्ध आहेत ते न आखलेल्या बर्फासाठीच. १ फेब्रुवारी २०२३ रोजी तेथे हिमस्खलनात दोन पोलिश पर्यटक दगावले.

तिसरी गोष्ट मला प्रथम सुचलीच नव्हती: आपणच दुसऱ्याला धडकलो तर? मागून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळून वाट निवडावी, असा या खेळाचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. झरमॅटहून तर घसरत घसरत इटलीतील चेर्व्हिनियाला जाता येते, आणि इटलीच्या उतारांवर १ जानेवारी २०२२ पासून दुसऱ्याच्या नुकसानभरपाईचा विमा सक्तीचा आहे. मुलगा दुपारी सहज पलीकडे गेला असता तर?

अर्ज भरताना डॉक्टरांनी आधीच्या आजारांचा रकाना कोरा सोडला होता. त्यांच्या हातात रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी मी पाहिली होती. घसा कोरडा पडला, तरी विचारले. "अरे, अगदी थोडा आहे," ते म्हणाले. मी म्हटले, "साहेब, थोडा असला तरी लिहावा लागतो. उद्या तेवढ्यावरून पैसे नाकारतील." ते माझ्याकडे पाहत राहिले आणि त्यांनी पेन मागितले.

हा धीर मला वडिलांमुळे आला. मार्च २०२३ मध्ये आमचा हाताशी आलेला गहू गारांनी झोपवला. पीकविमा भरलेला होता. नुकसान ७२ तासांच्या आत कळवायचे असते हे कोणाच्या लक्षात आले नाही. वडील भिजलेल्या ओंब्या वाळवत बसले आणि पाचव्या दिवशी पावती घेऊन गेले. पावती खरी होती. पैसे आले नाहीत. स्कीइंगच्या विम्यातही रुग्णालयात दाखल होताच कंपनीला फोन करण्याची अट होती. तो क्रमांक मी जाड अक्षरांत तीन चिठ्ठ्यांवर लिहिला आणि तिघांच्या कोटाच्या खिशात एकेक ठेवायला सांगितले. दारू पिऊन पडल्यास भरपाई नाही, हे कलम मात्र मी नुसते बोटाने दाखवले.

मंडळी जानेवारीत सुखरूप परतली. मुलगा चिक्कार वेळा आपटला, पण मोडले काही नाही. मी घरी वडिलांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग हप्ता परत देत्यात का?"