कार्बनच्या फ्रेमवरचा रंग

बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून नेकनूर, केज, अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्यावर आजवर ज्या सायकली धावल्या, त्यांतील बहुसंख्य पोलादी नळ्यांच्या, काळ्या रंगाच्या आणि अंगावर बारीक सोनेरी रेघ मिरविणाऱ्या होत्या. तो काळा रंग कारखान्याच्या भट्टीत भाजून पक्का केलेला असे, आणि खाली पोलाद असल्यामुळे त्या आचेचे भय बाळगण्याचे कोणास कारण नव्हते. पुढे सायकल बदलली. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ साली अमेरिका पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडण्याची सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पुरी केली, आणि लांब पल्ल्याची सायकलस्वारी हा आपल्याकडील नोकरदार, व्यावसायिक माणसालाही साधणारा छंद आहे, हे महाराष्ट्राने पाहिले. असा छंद लागलेला मनुष्य आज ना उद्या कार्बनच्या सायकलीपर्यंत पोहोचतो. काही वर्षांनी तिचा रंग विटतो, किंवा जुनी घेतलेली फ्रेम आपल्या पसंतीच्या रंगात असावी असे त्याच्या मनात येते, आणि मग तो ती खांद्यावर टाकून मोटारी रंगविणाऱ्या गॅरेजाची वाट धरतो. तेथे जाण्यापूर्वी काही गोष्टींची खातरजमा त्याने करून घेतलीच पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की, ही फ्रेम धातूची नव्हे. केसाहूनही बारीक अशा कार्बनच्या तंतूंचे पट्टे एपॉक्सी नावाच्या राळेत भिजवून, साच्यात एकावर एक बसवून, उष्णता व दाब यांच्या योगाने त्यांना एकजीव केलेले असते. ताण सोसण्याचे सामर्थ्य तंतूंचे. त्या तंतूंना जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम राळेचे. ही राळ दोन गोष्टींपुढे दुबळी ठरते: एक अतिरिक्त आच, दुसरी सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे. उघड्या राळेवर ऊन सतत पडत राहिले तर ती पिवळी पडते, तिचे तेज जाते आणि कालांतराने पृष्ठभाग पिठूळ होतो. ज्या जिल्ह्यात वैशाखात पारा चाळिशीच्या वर सहज जातो, तेथे फ्रेमवरचा लेप हा केवळ शृंगार मानणे चुकीचे आहे. तो राळेचे कवच आहे, आणि रंगाची निवड त्या दृष्टीनेच व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावरूनच पावडर कोटिंगचा प्रश्न निकालात निघतो. लोखंडी खिडक्या, फाटके, पोलादी सायकली यांना पावडर कोटिंग उत्तम. परंतु त्याची पूड वितळून पसरण्यास सामान्यतः १८० ते २०० अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि सायकलीच्या फ्रेममधील राळ त्याच्या पुष्कळ आधी मऊ पडू लागते. कार्बनला फवाऱ्याने मारण्याचा पातळ रंगच योग्य: आधी प्रायमर, मग रंगाचा थर, शेवटी पारदर्शक लॅकर, आणि वाळविण्यासाठी आच द्यायचीच, तर ती ६० अंशांच्या आसपास, मोटारीच्या रंगाला देतात तेवढीच.

परंतु खरी कसोटी रंग चढविण्यात नाही, जुना रंग उतरविण्यात आहे. पोळ्यासाठी बैलाची शिंगे साळणारा जाणता हात वरचा खरबरीत थर तेवढा काढतो आणि जिवंत भागाला पाते लागण्याआधी थांबतो. कार्बनवर पॉलिश पेपर चालविणाऱ्याला नेमका हाच संयम हवा. पाणी लावून बारीक पेपराने घासताना जोवर पांढुरके पाणी किंवा जुन्या रंगाचे पाणी ओघळते, तोवर काम लॅकर आणि रंग यांच्यातच चालले आहे. पाण्यात काळेपणा उतरू लागला आणि तो काळ्या रंगाचा किंवा प्रायमरचा नसला, तर पेपर तंतूंना भिडला असे समजावे, आणि तंतू तुटला की तो रंगाने सांधत नाही. पेंट रिमूव्हर तर लावूच नये, कारण जे रसायन जुना रंग सोडविते ते राळेवरही चालून जाते. लोखंडाप्रमाणे वाळूचा मारा करून रंग काढणे हेही तितकेच घातक. आणखी एक अनर्थ लांबी भरण्याचा. मोटारीच्या पत्र्याला पोचा आला तर लांबी भरून, घोटून, वर रंग मारणे हा गॅरेजातील रीतसर शिरस्ता आहे. कार्बनवर मात्र जिथे भेग असेल तिथे लांबी भरणे म्हणजे दुखणे झाकून मनुष्याला घाटाच्या उतारावर पाठविणे होय. रंग उतरल्यावर दांडी ठिकठिकाणी नाण्याने हलकेच वाजवून पाहावी. एके जागी आवाज बद्द आला, तर रंगाचे काम तिथेच थांबवून आधी कार्बन दुरुस्त करणारा कारागीर गाठावा.

आता रंगाविषयी. झळाळी दोन जातींची असते, चकचकीत आणि मॅट. मॅट लेपात प्रकाश विखुरणारी सूक्ष्म पूड मिसळलेली असते, त्यामुळे तो मखमली दिसतो. पण त्याला पॉलिश करता येत नाही, कारण घासले की तेवढाच भाग चकाकू लागतो, आणि चेनच्या तेलात मिसळलेली धूळ त्यात मुरून बसते. ऊसतोडीच्या हंगामात ज्या रस्त्यांवर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर सारखे चालू असतात, तेथे चकचकीत लेपच सोयीचा. त्यावरचा बारीक ओरखडा घोटून घालविता येतो. मोत्यासारखी आभा हवी असेल तर रंगात अभ्रकाची पूड असते. कॅन्डी रंगात चंदेरी थरावर रंगीत पारदर्शक थर चढवितात आणि त्याला आतून उजळल्यासारखे तेज येते. मात्र थरांची जाडी सर्वत्र सारखी न साधल्यास छटा डागाळते, म्हणून हे काम सरावलेल्या हाताचेच. भडक फ्लुओरेसंट रंग उन्हात सर्वांत लवकर विटतात. ज्याला तंतूंची वीणच दाखवायची आहे, त्याने रंग न देता नुसता पारदर्शक लेप घ्यावा, पण तो अतिनील किरण अडविणारा आहे याची खात्री करूनच.

वजनाची चिंता अनाठायी आहे. संपूर्ण रंगकामाचे वजन साधारण १०० ग्रॅमच्या आसपास भरते, आणि आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या शर्यतींतही सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही.

काम देताना पावतीवर तपशील लिहून घ्यावा: रंगाचा क्रमांक, लॅकरचा प्रकार, आणि भट्टी अथवा रिमूव्हर वापरणार नाही असा स्पष्ट करार. फ्रेम नवी असेल तर कंपनीची हमी आधी वाचावी, कारण पुन्हा रंगविल्यास अनेक कंपन्या ती रद्द करतात. सीटची दांडी, हँडलची बैठक आणि पायडलचा आस बसतो ती जागा या ठिकाणी रंग जाऊ नये म्हणून त्या टेपने झाकून घ्याव्यात. अन्यथा भाग घट्ट बसून लेप तडकतो. रंगाची छोटी बाटली आठवणीने मागून घ्यावी. लेप पुरता मुरण्यास काही आठवडे जाऊ द्यावेत, आणि मगच चेनच्या बाजूच्या मागील दांडीवर पारदर्शक पट्टी चिकटवावी, कारण चेनचे फटके सर्वाधिक तिथेच बसतात.