पाइनची घाई
(मर रोगांच्या गोष्टी : भाग ७)

गेल्या आठवड्यात आपण डाळिंबाच्या मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी पाहिला. त्याचा एक भाऊबंद मुळांकडे फिरकतही नाही. त्याचा मुक्काम पाइनच्या खोडात आणि फांद्यांत. लांबी जेमतेम एक मिलिमीटर; पण उन्हाळ्याच्या सुरुवातीला हिरवंगार असलेलं झाड शरद ऋतू येईतो तो तांबूस करून ठेवतो. शास्त्रीय नाव बुर्साफेलेंकस झायलोफिलस, मूळ उत्तर अमेरिकेतलं. जपानमध्ये नागासाकीच्या परिसरात पाइन मरू लागल्याची पहिली नोंद १९०५ची आहे.

खरा गुन्हेगार सापडायला पुढं साठेक वर्षं गेली. मेलेलं झाड चिरलं की आत भुंगेरे आणि अळ्या दिसायच्या, त्यामुळं सगळा राग त्यांच्यावर. अखेर कियोहारा आणि तोकुशिगे या संशोधकांनी निरोगी झाडांना सूत्रकृमी टोचून पाहिले. झाडं मेली. हे १९७१ साली प्रसिद्ध झालं. तरी भुंगेरा अगदी निर्दोष सुटला नाही. लांब मिशांचा हा भुंगेरा मेलेल्या पाइनमधून बाहेर पडतो तो आपल्या श्वासनलिकांत हजारो सूत्रकृमी घेऊनच. मग पोट भरायला तो निरोगी झाडाच्या कोवळ्या फांद्यांची साल कुरतडतो आणि त्या जखमेतून सूत्रकृमी आत उतरतात. अंडी घालायला मात्र मादीला मरणपंथाला लागलेलं झाड हवं असतं, कारण धडधाकट झाडाची राळ तिच्या पिल्लांना जगू देत नाही. तसं झाड सूत्रकृमी तिला तयार करून देतात. दोघांचाही फायदा आहे, किंमत तेवढी पाइन मोजतो.

आता झाडाची बाजू. पाइनचं मुख्य हत्यार म्हणजे राळ. लाकडात आणि सालीत राळेच्या बारीक नळ्यांचं जाळं असतं. कुठं जखम झाली की तिथं राळ धावते. सूत्रकृमी याच नळ्यांचा रस्ता करतो आणि नळीच्या भिंतीतल्या, राळ बनवणाऱ्या पेशीच खातो. काही दिवसांत राळ वाहायची थांबते. जपानमधले वनकर्मचारी खोडाला छोटं छिद्र पाडून राळ येते की नाही हे पाहतात. पानं अजून हिरवी असतात, पण छिद्र कोरडं राहिलं तर त्या झाडाबद्दल फारशी आशा उरत नाही.

पुढं जे घडतं त्यात मला खरा रस आहे. पाणी मुळांपासून शेंड्यापर्यंत ताणलेल्या अखंड धारेनं चढतं. आजारी पाइनच्या लाकडात जागोजागी ही धार तुटते आणि तिथं हवा शिरते. उसाचा रस पिताना चिरलेल्या स्ट्रॉनं जसा नुसता फुर्रफुर्र आवाज यावा, तशी शेंड्याची अवस्था होते. आणि हा बिघाड सुरू होतो तेव्हा सूत्रकृमींची संख्या अजून थोडीच असते. म्हणजे त्यांनी झाड खाऊन संपवलं, असं म्हणता येत नाही. झाड स्वतःच्या पेशी मारत सुटतं, विषारी रसायनं ओतत राहतं, आणि बऱ्याच संशोधकांच्या मते त्याच गोंधळात जलवाहिन्या निकामी होतात.

जपानी काळ्या पाइनच्या तग धरणाऱ्या आणि लवकर मरणाऱ्या झाडांमधली जनुकांची हालचाल ताडून पाहिली तेव्हा हेच पुढं आलं. बचावाची प्रथिनं झटकन आणि भरमसाट बनवतं ते मरणारं झाड. तगणारं झाड सावकाश चालतं. ते पेशींच्या भिंती जाड करतं, त्यांत लिग्निन भरतं आणि पेटलेली रसायनं विझवणारी जनुकंही चालू ठेवतं. सूत्रकृमी मरत नाही, पण त्याला पुढं सरकायला वाट मिळत नाही. अमेरिकेतला लॉब्लॉली पाइन या किड्याबरोबर युगानुयुगं राहिला आहे. तो त्याला सहसा बळी पडत नाही.

औषध आहे, पण ते प्रत्येक झाडाच्या खोडात टोचावं लागतं. आपले शेतकरी हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी फवारतात तेच इमामेक्टिन बेंझोएट. मंदिरातल्या जुन्या पाइनसाठी हा खर्च परवडतो, डोंगरभर पसरलेल्या रानासाठी नाही.

म्हणून जपाननं १९७८ साली दुसरी वाट धरली. साथीत उजाड झालेल्या रानांत जी झाडं उभी राहिली होती, त्यांतली सुमारे २५ हजार निवडली, त्यांची कलमं केली आणि कलमांना मुद्दाम सूत्रकृमी टोचले. त्यातून निघाली लाल पाइनची ९२ आणि काळ्या पाइनची अवघी १६. या निवडक झाडांच्या बागा केल्या, पण बियांपासून आलेलं प्रत्येक रोप आईबापांइतकं चिवट निघत नाही. त्यामुळं काही रोपवाटिका काळ्या पाइनच्या रोपांनाही विक्रीआधी सूत्रकृमी टोचतात आणि वाचलेली तेवढीच समुद्रकिनाऱ्यावर लावायला पाठवतात.

(पुढील भागात : नारळ आणि सोंड्या भुंगा)